ट्रॅक्टर कामास अयोग्य ठरल्यास : खरेदीदाराचे हक्क आणि कर्तव्ये

बैल विकत घेताना शेतकरी घाई करीत नाही. तो दात पाहतो, खूर पाहतो, पाठीवरून हात फिरवितो, बाजारातच चार पावले चालवून पाहतो आणि मगच सौदा पक्का करतो. पण इतका चौकस असलेला हाच शेतकरी कित्येक लाखांचा ट्रॅक्टर मात्र, शेजाऱ्याच्या दारी तसाच आहे एवढ्यावरून, तासाभरात ठरवून येतो. पुढे यंत्र शेतात उतरले म्हणजे कळून येते, की ते बागेच्या ओळींत शिरत नाही, भाताच्या खाचरात रुतून बसते, किंवा आपल्याजवळचे अवजार ओढण्याची त्याची ताकदच नाही. बँकेचे हप्ते तर सुरू झालेले असतात आणि पुष्कळदा जमीन तारण पडलेली असते. अशा वेळी यंत्र परत करता येते काय, पैसे परत मागता येतात काय, आणि कायदा कोणाच्या बाजूने उभा राहतो, हे प्रत्येक खरेदीदाराने आधीच जाणून घेणे हिताचे आहे.

दोष आणि अयोग्यता

यंत्राविषयीच्या तक्रारी दोन प्रकारच्या असतात. इंजिन गरम होणे, गियर अडकणे, तेल गळणे हा यंत्रातील दोष होय. त्याची जबाबदारी निर्माता व विक्रेता यांच्यावर असते आणि हमीपत्रात तिचा उल्लेखही असतो. दुसरा प्रकार निराळा आहे. यंत्र निर्दोष असते, परंतु घेणाऱ्याच्या विशिष्ट कामास ते उपयोगी पडत नाही. येथे हमीपत्र फारसे कामी येत नाही, कारण बिघडलेले असे काहीच नसते.

केवळ आपली निवड चुकली म्हणून चांगली वस्तू परत करण्याचा सर्वसाधारण हक्क आपल्या कायद्यात नाही. विक्रेत्याने आपखुशीने बदलून दिली तर गोष्ट वेगळी. तथापि निवडीची जबाबदारी कोणावर होती, या प्रश्नाच्या उत्तरावर सर्व काही अवलंबून असते. हा मुद्दा एका जुन्या खटल्यावरून चांगला उमगतो.

एका मोटारीचा खटला

इंग्लंडमध्ये एका गृहस्थाने मोटारविक्रेत्यांना कळविले, की त्यास प्रवासासाठी सोयीची व आरामशीर मोटार हवी आहे. विक्रेते बुगाटी मोटारींचे प्रतिनिधी होते. तीच मोटार गरज भागवील असे त्यांनी सांगितले आणि गृहस्थाने ती घेतली. मोटार मोडकी नव्हती, पण आरामशीर प्रवासास ती योग्य नव्हती. गृहस्थाने ती परत करून पैसे मागितले. विक्रेत्यांनी कराराच्या छापील कागदावर बोट ठेवले. कायद्याने मिळणारी वा अन्य कोणतीही हमी या विक्रीस लागू नाही, अशी त्यात अट होती.

बॅल्ड्री विरुद्ध मार्शल या नावाने प्रसिद्ध असलेला हा निर्णय १९२५ च्या इंग्लिश न्यायनिर्णयांच्या संग्रहात छापला आहे. अपील न्यायालयाने तो खरेदीदाराच्या बाजूने दिला. खरेदीदाराने हेतू सांगितला होता आणि विक्रेत्याच्या जाणतेपणावर भरवसा ठेवला होता. म्हणून ‘हेतूस योग्य असणे’ ही कराराची मूळ अट बनली. छापील कागदाने हमी वगळली असली तरी ही मूळ अट वगळलेली नव्हती. मोटार विशिष्ट नावाने विकली गेली, एवढ्यानेही विक्रेता सुटू शकला नाही, कारण त्या नावाची शिफारस त्यानेच केली होती.

भारतातील कायदा

हेच तत्त्व भारतात मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १६ मध्ये आहे. त्याचा आशय असा : खरेदीदाराने आपला विशिष्ट हेतू विक्रेत्यास स्पष्टपणे किंवा सूचित रीतीने कळविला असेल, त्यावरून तो विक्रेत्याच्या कौशल्यावर विसंबून आहे असे दिसत असेल, आणि तो माल विकणे हा त्या विक्रेत्याचा धंदाच असेल, तर माल त्या हेतूस वाजवी प्रमाणात योग्य असलाच पाहिजे. ही अट कागदावर लिहिलेली नसली तरी कायदा ती गृहीत धरतो.

याच कलमात एक अपवाद आहे आणि शेतकरी नेमका त्यातच अडकतो. एखादी विशिष्ट वस्तू तिच्या व्यापारी नावाने मागून घेतली, तर ती अमुक कामास योग्य असेल अशी अट गृहीत धरली जात नाही. नाव खरेदीदाराने ठरविले असेल, तर निवडीचा भारही त्याच्याच शिरावर येतो.

उदाहरणार्थ, दोन द्राक्षबागायतदारांची कल्पना करावी. दोघांच्याही बागेत पालवी व तारा वजा जाता दोन ओळींमधील मोकळी वाट साडेपाच फूट आहे. पहिला दुकानात जाऊन म्हणतो, ‘अमुक कंपनीचा ४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर द्या.’ तो सहा फूट रुंदीचा ट्रॅक्टर घरी आणतो आणि ओळीत घालताच दोन्ही अंगांचे घड व फुटवे मोडू लागतात. त्याची तक्रार टिकणे कठीण. दुसरा म्हणतो, ‘माझी वाट साडेपाच फुटांची आहे. ब्लोअरने फवारणी करावयाची आहे. यास चालेल असा ट्रॅक्टर सुचवा.’ विक्रेत्याने तोच सहा फुटी ट्रॅक्टर सुचविला, तर तो परत घेऊन पैसे देण्याची मागणी दुसरा बागायतदार हक्काने करू शकतो. यंत्र, वाट आणि नुकसान तेच असूनही फरक पडतो तो एका वाक्याने.

खरेदीपूर्वी काय करावे

ते एक वाक्य तोंडी बोलून भागत नाही. वाद उभा राहिला म्हणजे विक्रेत्याकडील माणसास ते आठवेलच असे नाही. सबब पैसे भरण्यापूर्वी साध्या कागदावर पुढीलप्रमाणे मागणीपत्र लिहून द्यावे व त्याच्या प्रतीवर विक्रेत्याची सही, शिक्का आणि तारीख घ्यावी :

‘माझी जमीन (भारी काळी / मध्यम / भातखाचर) असून क्षेत्र … आहे. पीक … आहे. ओळींतील मोकळी वाट … फूट आहे. माझ्याकडे … ही अवजारे असून ती या ट्रॅक्टरवर चालवावयाची आहेत. या कामास योग्य ट्रॅक्टर आपण सुचवावा. आपल्या शिफारशीवर विसंबून मी खरेदी करीत आहे.’

विक्रेत्याने आपले दरपत्रक या मागणीपत्राचा उल्लेख करून द्यावे, असा आग्रह धरावा. सही देण्यास तो कां-कूं करू लागला, तर आपल्या शिफारशीवर त्याचाच भरवसा नाही असे समजण्यास हरकत नाही.

यासोबत आणखी काही गोष्टी अवश्य कराव्यात.

पहिली गोष्ट मोजमाप. वाटेची रुंदी, बांधावरील फाटकाची रुंदी आणि शेडची उंची फीत लावून मोजावी. ट्रॅक्टरची रुंदी चाकांच्या बाहेरील कडांपर्यंत मोजावी.

दुसरी गोष्ट अश्वशक्ती. जाहिरातीत सांगितली जाते ती बहुधा इंजिनाची शक्ती असते. ब्लोअर, रोटाव्हेटर किंवा मळणीयंत्र चालते ते पीटीओवर मिळणाऱ्या शक्तीवर, आणि ती इंजिनाच्या शक्तीपेक्षा कमी असते. अवजारास लागणारी शक्ती पीटीओच्या आकड्याशी ताडून पाहावी.

तिसरी गोष्ट चाचणी अहवाल. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरांची परीक्षा होते. तिच्या अहवालात पीटीओ शक्ती, ओढण्याची ताकद, इंधनाचा खप, वजन व मापे दिलेली असतात. आपण घेत असलेल्या नमुन्याचा अहवाल विक्रेत्याकडे मागावा.

चौथी गोष्ट शेतावरील प्रात्यक्षिक. नोंदणी, विमा व कर्जाचे कागद पुरे होण्यापूर्वी, आपल्याच रानात आणि आपल्याच अवजारासह ट्रॅक्टर चालवून पाहावा. पाहणी करावयाची ती मनापासून करावी. तपासणीत सहज दिसून आला असता असा दोष खरेदीदाराने तपासणी करूनही पाहिला नाही, तर त्याविषयी मागाहून तक्रार करता येत नाही. बैलाचे दात पाहण्याची सवय येथेही उपयोगी पडते.

पाचवी गोष्ट छापील अटी. गृहीत अटी करारात स्पष्ट लिहून वगळता येतात. म्हणून सही करण्यापूर्वी बारीक अक्षरांतील मजकूर कोणाकडून तरी वाचून घ्यावा व न पटणारी अट खोडून घ्यावी. पक्क्या बिलाविना व्यवहार करू नये. बिल देण्यास नकार देणे ही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा ठरते.

अयोग्य ठरल्यावर काय करावे

अयोग्यता लक्षात येताच विक्रेत्यास लेखी कळवावे. येथे दिरंगाई फार महाग पडते. वाजवी मुदत उलटूनही खरेदीदार गप्प राहिला, तर त्याने माल स्वीकारला असे कायदा धरून चालतो. स्वीकारानंतर माल परत करण्याचा हक्क सामान्यतः जातो आणि केवळ नुकसानभरपाई मागण्याचा हक्क उरतो. एक हंगामभर ट्रॅक्टर भाड्याने फिरवून नंतर तो परत घ्या म्हणणाऱ्याची बाजू साहजिकच लंगडी पडते.

कळविल्यानंतर ट्रॅक्टर वापरू नये. तासांचे मीटर दिसेल असे छायाचित्र काढावे. ओळीत अडकलेल्या किंवा रुतलेल्या यंत्राची छायाचित्रे घ्यावीत व शेजारच्या दोन शेतकऱ्यांसमक्ष लेखी पंचनामा करावा. नोटीस पोचपावतीसह पाठवावी. तीत मागणीपत्राची तारीख, विक्रेत्याची शिफारस, प्रत्यक्ष घडलेला प्रकार आणि आपली मागणी एवढेच थोडक्यात असावे. कायद्याने नाकारलेला माल विक्रेत्याच्या दारी नेऊन पोचविण्याचे बंधन, वेगळा करार नसेल तर, खरेदीदारावर नसते. आपण माल नाकारीत आहोत एवढे कळविणे पुरेसे होते.

बँकेचे हप्ते मात्र थांबवू नयेत. कर्जाचा करार बँकेशी आहे व वाद विक्रेत्याशी. हप्ते थकल्यास व्याज चढते आणि ट्रॅक्टर जप्त होण्याची पाळी येऊ शकते.

आयोगाकडे दाद

विक्रेता दाद देत नसेल, तर ग्राहक आयोगाचा मार्ग मोकळा आहे. मोबदला म्हणून दिलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असेल, तर तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येते. दुकान दूरच्या शहरात असले तरी खरेदीदार राहतो त्या जिल्ह्यात ती दाखल करता येते. किंमत ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही. ५ ते १० लाखांपर्यंत ते २०० रुपये आहे. तक्रार कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत करावी लागते. वकील देणे सक्तीचे नाही आणि ऑनलाइन तक्रार दाखल करण्याचीही सोय आहे. प्राथमिक सल्ल्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

शेतकरी ट्रॅक्टर धंद्यासाठी घेतो, म्हणून तो ग्राहक नाही, असा बचाव कधीकधी घेतला जातो. व्यापारी हेतूने घेतलेला माल ग्राहक कायद्याखाली येत नाही हे खरे. परंतु स्वतः राबून उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची मानली जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात या भेदाचे विवेचन केले आहे. उपजीविकेसाठी स्वतः रिक्षा चालविणारा हा ग्राहकच होय, असे उदाहरण त्यात आहे. २०१२ मध्ये राष्ट्रीय बियाणे निगमाविरुद्धच्या खटल्यात त्याच न्यायालयाने सदोष बियाण्याने नुकसान झालेल्या शेतकऱ्यांनाही ग्राहक मानले. अनेक ट्रॅक्टर ठेवून भाड्याचा धंदा करणाऱ्याची स्थिती मात्र वेगळी ठरू शकते.

दोष उघडून दाखविण्यास तांत्रिक तपासणी लागत असेल, तर आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवितो. तक्रार सिद्ध झाल्यास दोष काढून देणे, वस्तू बदलून देणे, व्याजासह किंमत परत करणे आणि नुकसानभरपाई देणे, असे आदेश आयोग देऊ शकतो. तपासणीची जरूर नसेल तर ३ महिन्यांत व असेल तर ५ महिन्यांत निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात अधिक काळ लागू शकतो, आणि पेरणी काही निकालासाठी थांबत नाही. म्हणूनच खटला जिंकण्यापेक्षा तो टाळणे केव्हाही श्रेयस्कर होय.

सारांश

कायदा भोळ्या खरेदीदारास वाऱ्यावर सोडीत नाही, पण न बोलणाऱ्या खरेदीदारास त्याची फारशी मदतही होत नाही. दुकानात शिरताना यंत्राचे नाव घेऊन शिरू नये, तर आपले काम सांगत शिरावे. ते काम कागदावर उतरवून त्यावर सही घ्यावी, यंत्र आपल्या रानात चालवून पाहावे, आणि न जमल्यास विनाविलंब लेखी कळवावे. मागणीपत्राचा तो एक कागद बिलाच्या पावतीइतकाच जपून ठेवावा. वाद उपस्थित झालाच, तर जमीन तारण ठेवून उभारलेल्या रकमेचे रक्षण बहुधा त्याच कागदाने होईल.