कॅन्सर असताना हृदयाची झडप: छाती उघडायची की मांडीतून बसवायची?

कडा गावाहून नगर-पुण्याची वाट धरण्याआधी फाइल घेऊन बसा. अंतिम निर्णय डॉक्टरांसोबतच घ्यायचा. पण या क्रमाने गेलात, तर चकरा वाचतील. रुग्णाला चक्कर येऊन शुद्ध हरपली, छातीत दुखलं किंवा धाप थांबेना, तर मात्र फाइल सोडा आणि थेट दवाखाना गाठा.

१. इको, बायोप्सी, केमोचे कागद तारखेनुसार लावा. मूळ प्रती कुठेही सोडून येऊ नका.

२. इकोच्या रिपोर्टवर बिघडलेली झडप शोधा. महाधमनीच्या झडपेचं तोंड १ चौरस सेंटिमीटर किंवा त्याहून कमी म्हणजे सहसा गंभीर आखडलेपण. मांडीच्या रक्तवाहिनीतून झडप बसवण्याची पद्धत, म्हणजे ‘टावी’, मुख्यतः याच झडपेसाठी. मायट्रल झडप असेल तर मार्ग वेगळा.

३. आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा: “आजार आटोक्यात राहून वर्षाहून जास्त बरं आयुष्य मिळेल का?” उत्तर “नाही” असं आलं, तर मोठी शस्त्रक्रिया बहुधा त्रासच वाढवते.

४. केमो किती दिवस थांबू शकते, ते लिहून घ्या. छाती उघडली, तर छातीचं हाड जुळायला सहा-आठ आठवडे लागतात. टावीनंतर माणूस बहुधा काही दिवसांत घरी येतो. केमो परस्पर बंद करू नका.

५. छातीवर पूर्वी शेक (रेडिएशन) दिला असेल, तर हृदयाच्या सर्जनना सांगा. त्यामुळे छाती उघडणं जोखमीचं होऊ शकतं. “जुनी गोष्ट” म्हणून गाळू नका.

६. ताजा रक्ताचा रिपोर्ट दाखवा. प्लेटलेट कमी तर रक्तस्रावाची भीती, पांढऱ्या पेशी कमी तर जंतुसंसर्गाची.

७. झडप धातूची की जैविक, विचारा. धातूच्या झडपेला रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर लागते. केमोत ती सांभाळणं अवघड.

८. टावी सुचवली, तर त्यासाठीच्या सीटी स्कॅनआधी क्रिएटिनिनचा रिपोर्ट दाखवा. सीटीतलं औषध किडनीला जड जाऊ शकतं. पुढे पेसमेकर लागू शकतो का, तेही विचारा.

९. दोन्ही डॉक्टरांचं एकमेकांशी बोलणं घडवा. मुंबईत कॅन्सरचं टाटा आणि केईएम ही रुग्णालयं दोन्ही परळलाच आहेत. एकाचा निरोप तोंडी नेऊ नका, चिठ्ठी घ्या.

१०. भरती होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना भेटा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ठरलेली पद्धत बसते का, ते नाव घेऊन विचारा. टावीची झडप लाखांत जाते. “बसेल बहुतेक” यावर विसंबू नका.

११. झडपेची आणि पुढच्या केमोची तारीख एकाच कागदावर लिहून घ्या. दोन्ही तारखा हातात आल्या, की मगच बॅग भरा.