विश्रांत मज्जातंतु आणि विंचवाचें विष

आपण स्वस्थ निजलेलों असतांनाहि आपले मज्जातंतु स्वस्थ नसतात. अंबाझरी तलावाचें पाणी बांधामागें निश्चल दिसतें; पण बांधाच्या दोन अंगांस पाण्याची पातळी सारखी नसते, व त्या विषमतेंतच सारें बळ सांठविलेलें असतें. विश्रांत मज्जातंतूची अवस्था अशीच आहे. त्याच्या आवरणाची आंतली बाजू बाहेरच्या बाजूच्या मानानें सुमारें ७० मिलिव्होल्ट ऋण असते. मिलिव्होल्ट म्हणजे व्होल्टाचा हजारावा भाग; तेव्हां हा दाब विजेरींतील एका घटाच्या विसाव्या हिश्शाइतकाहि भरत नाहीं. वाचकांस तो क्षुल्लक वाटेल. परंतु हें आवरण इतकें पातळ आहे कीं, त्याच प्रमाणांत एक मीटर जाडीचें आवरण कल्पिलें, तर त्याच्या दोन बाजूंमध्यें एक कोटि व्होल्टांहून अधिक अंतर पडेल!

हा दाब येतो कोठून? मीठ पाण्यांत विरघळलें म्हणजे त्याचे विद्युद्भार धारण करणारे कण सुटे होतात. त्यांस आयन म्हणतात. शरीरांतील द्रवांत सोडियम व पोटॅशियम यांचे असे धनभारित आयन आहेत, पण त्यांची वांटणी मोठी विषम आहे. पोटॅशियम तंतूच्या आंत बाहेरच्यापेक्षां सुमारें ३० पट अधिक. सोडियम उलट बाहेर सुमारें १० पट अधिक. विश्रांतीच्या वेळीं आवरणांतून पोटॅशियमला थोडीबहुत वाट मोकळी असते, सोडियमला ती जवळजवळ बंद असते. दाटीच्या जागेंतून विरळ जागेकडे जाणें हा आयनांचा स्वभाव. म्हणून पोटॅशियम बाहेर झिरपूं लागतें. पण प्रत्येक आयन आपल्याबरोबर धनभार घेऊन जातो, व आंतली बाजू ऋण होत जाते. ही ऋण बाजू धनभारास मागें ओढते. लौकरच बाहेर लोटणारा जोर व आंत ओढणारा जोर यांचा जवळजवळ तोल साधतो. त्या वेळच्या दाबास विश्रांत विभव असें नांव आहे. जर्मन शास्त्रज्ञ ज्युलियस बर्नस्टाईन यांनीं या उपपत्तीचा पाया १९०२ सालीं घातला. येथें विद्यार्थ्यांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. इतका दाब उत्पन्न होण्यास एकंदर सांठ्याचा अगदीं नगण्य अंश बाहेर जावा लागतो. ‘सर्व पोटॅशियम बाहेर निघून जातें’ असें उत्तर लिहिणें म्हणजे तोलाचा अर्थच न समजणें होय.

तोल जवळजवळ साधतो असें म्हटलें, पूर्ण साधतो असें नव्हे. थोडें सोडियम आंत गळतच असतें. तें उपसून काढण्याचें काम आवरणांतील एक प्रथिन करतें. एका खेपेस ३ सोडियम आयन बाहेर टाकावयाचे व २ पोटॅशियम आयन आंत घ्यावयाचे. डेन्मार्कचे येन्स स्कौ यांनीं तें १९५७ मध्यें उजेडांत आणलें, व १९९७ च्या नोबेल पारितोषिकांत त्यांस वांटा मिळाला. ही मोट अहोरात्र चालते, आणि तिच्यापायीं आपण खाल्लेल्या अन्नाची बरीच शक्ति खर्च होते. मज्जातंतूंची विश्रांति फुकट मिळत नाहीं ती अशी.

आतां संदेश कसा निघतो तें पाहूं. आवरणांत सोडियमसाठीं निराळीं दारें आहेत. आंतल्या बाजूचें ऋणत्व कांहीं मर्यादेपर्यंत कमी झालें कीं तीं उघडतात, सोडियम आंत घुसतें, व क्षणभर आंतली बाजू उलट धन होते. परंतु सेकंदाच्या सुमारें हजाराव्या भागांत तीं दारें आपोआप मिटतात; पोटॅशियम अधिक वेगानें बाहेर पडतें, आणि पहिली स्थिति परत येते. १९३९ सालीं प्लिमथ येथें अ‍ॅलन हॉजकिन व अँड्र्यू हक्स्ली यांनीं माकूल जातीच्या सागरी प्राण्याच्या जाड मज्जातंतूंत कांचेची बारीक नळी सरकवून ही उलटापालट प्रत्यक्ष मोजली. इतक्यांत महायुद्ध पेटलें व काम थांबलें. पुढें १९५२ मध्यें त्यांनीं सोडियम व पोटॅशियम यांच्या प्रवाहांचें संपूर्ण गणित प्रसिद्ध केलें. त्यांतील आंकडेमोड हक्स्ली यांनीं हातानें फिरवावयाच्या गणकयंत्रावर केली होती, हें गणितास कंटाळणाऱ्यांनीं अवश्य ऐकावें. उभयतांस १९६३ चें नोबेल पारितोषिक विभागून मिळालें.

हें दार वेळेवर मिटलें नाहीं तर काय होतें, याचें उदाहरण आपल्याच महाराष्ट्रांत आहे. तांबड्या विंचवाच्या विषांतील कांहीं द्रव्यें सोडियमच्या दारास चिकटतात व तें मिटूं देत नाहींत. तंतूंस विसावा मिळत नाहीं. ते संदेशामागून संदेश सोडीत राहतात. रक्तवाहिन्या व हृदय यांना जाणारे तंतु असे पेटले म्हणजे रक्तवाहिन्या आवळतात, अंगास दरदरून घाम सुटतो, हातपाय गार पडतात, हृदयावर असह्य ताण येतो, आणि फुप्फुसांत पाणी भरून रोगी दगावतो. कोंकणांत अशीं कितीतरी मुलें दगावलीं.

नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत शिकलेले डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ मध्यें महाडजवळच्या बिरवाडी येथील आरोग्यकेंद्रांत रुजू झाले. जवळ साधनें अत्यल्प होतीं. पण ते दंश झालेल्या रोग्यांच्या उशाशीं बसून एकेका लक्षणाची नोंद करीत. १९८२ मध्यें त्यांचें निरीक्षण लंडनच्या ‘लॅन्सेट’ पत्रांत छापून आलें. १९८६ मध्यें त्याच पत्रांत प्राझोसिन या औषधाचा अनुभव त्यांनीं मांडला. हें औषध सोडियमचें दार मिटवीत नाहीं, हें मुद्दाम लक्षांत घ्यावें. तें आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करून हृदयावरचा भार उतरवितें. पूर्वी गंभीर रोग्यांपैकीं शेंकडा २५ ते ३० दगावत. या उपचारानंतर तें प्रमाण शेंकडा १ च्या आसपास आलें. विषावरच घाव घालणारी प्रतिविषाची लस जोडीला दिली तर काय होतें, तेंहि त्यांनीं ७० रोग्यांवर तपासलें. नुसत्या प्राझोसिननें बरें होण्यास सरासरी १७·७ तास लागले, दोन्ही मिळून ८ तास. हा वृत्तांत २०११ सालचा. २०२२ मध्यें त्यांस पद्मश्री देण्यांत आली.

पालकांसाठीं एवढेंच सांगावयाचें कीं, वेदना किती आहे यावरून दंशाची परीक्षा करूं नये. कळ थोडी असूनहि मूल घामानें भिजलें, त्यास उलटी झाली, वा त्याचे हातपाय गार लागले, तर वरील दारें आंत उघडींच आहेत असें समजावें. मंत्र घालण्यांत गेलेला तास त्या मुलाच्या वांट्याचा असतो. त्यास थेट रुग्णालयांत न्यावें. लक्षणें दिसण्याची वाट पाहूं नये, व वर सांगितलेलें औषध घरीं आपण होऊन देऊं नये.

या विंचवाच्या विषाची आणखी एक हकीकत आहे. १९९० मध्यें त्यांतून ३७ अमिनो आम्लांचें एक लहानसें प्रथिन वेगळें काढण्यांत आलें. इबेरिओटॉक्सिन हें त्याचें नांव. तें सोडियमच्या नव्हे तर पोटॅशियमच्या एका विशिष्ट दारावर बुचासारखें बसतें, आणि तें दार शरीरांत कोठें काय काम करतें हें शोधण्यासाठीं जगभरच्या प्रयोगशाळांतून वापरलें जातें.