शनिवार तेली आणि पोथीनंतरची झोप



दत्तजयंतीच्या सप्ताहात आपल्यापैकी पुष्कळ जण गुरुचरित्राचं पारायण करतात. सोवळं, एकभुक्त, ठरलेली वेळ, ठरलेली जागा हे नियम सगळ्यांना पाठ असतात. त्यातला एक नियम मात्र आपण नुसता पाळतो, त्याचा विचार करत नाही. रात्री पोथीजवळ चटईवर डाव्या कुशीवर झोपायचं. म्हणजे वाचून झाल्यावर निजणं हेसुद्धा पारायणातच धरलेलं आहे. तेवढ्या एका नियमाबद्दल मला लिहायचं आहे, आणि त्यासाठी थोडं अलिबागकडे जायला हवं.

अलिबाग भागात बेने इस्रायल नावाचा यहुदी समाज शेकडो वर्षं नांदला. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांचे आपण वंशज, अशी त्यांची परंपरागत कथा. बोली मराठी, पोशाख आपल्यासारखा, आडनावं पेणकर, रोहेकर, नवगावकर. धंदा तेलाचे घाणे चालवण्याचा. धर्मग्रंथ हाताशी राहिले नाहीत, हिब्रू भाषा विसरली गेली. पण दोन-चार गोष्टी त्यांनी सोडल्या नाहीत. मुलाची सुंता, खाण्यापिण्याचे नियम, शेमा ही प्रार्थना आणि शनिवारचा शब्बाथ. शुक्रवारी सूर्य मावळला की घाणा बंद, तो शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत. त्यांच्या धर्माज्ञेत ही सुट्टी नोकराचाकरांना आणि जनावरांनाही आहे, तेव्हा घाण्याचा बैलही सुटा! गावाने त्यांना नावच दिलं, ‘शनिवार तेली’. (शनिवारी मारुतीला वाहायचं तेल लोकांना शुक्रवारीच भरून ठेवावं लागत असेल.) यांची वस्ती पुढे मुंबई-ठाण्याकडे सरकली. ठाण्यातलं त्यांचं प्रार्थनामंदिर १८७९ सालचं आहे. २०१४ पर्यंत आपला पालघर ठाणे जिल्ह्यातच होता, म्हणजे तसे ते आपले जिल्हेकरीच.

आता हिशोब करून पाहा. हातावर पोट असलेला माणूस आठवड्यातला एक दिवस घाणा थांबवतो. मालकाने रजा दिली म्हणून नव्हे. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळायला नारायण मेघाजी लोखंड्यांना १८९० पर्यंत झगडावं लागलं, ती गोष्ट वेगळी. इथे कोणी सक्ती केलेली नाही. सहा दिवस मी राबलो, प्रार्थना केली, आता एक दिवस मी नसलो तरी जग चालेल, चालवणारा दुसरा आहे, एवढा भरवसा त्या थांबण्यात आहे. माझ्या मते ग्रंथ हरवूनही हा समाज टिकला त्यात या बंद घाण्याचा वाटा मोठा.

आपल्या पोथीत हाच भरवसा ४७व्या अध्यायात आहे. गाणगापूरचा शेतकरी रोज संगमाच्या वाटेवर श्रीगुरूंना नमस्कार करायचा. एक दिवस महाराज म्हणाले, मी परत येईपर्यंत हे शेत कापून टाक. पीक हिरवं, कणसं पिकलेली नाहीत. त्याने गावच्या अधिकाऱ्याकडे जाऊन गेल्या वर्षीच्या दुप्पट धान्य द्यायचं कबूल केलं आणि विळा चालवला. बायकामुलं आडवी आली तरी थांबला नाही. पुढे थंडी-वाऱ्याने आणि अवेळी पावसाने सगळ्यांची पिकं गेली, याच्या खुंटांना मात्र नवे फुटवे आले आणि अमाप पिकलं. आपण वाचताना या चमत्काराकडे धावतो. मला महत्त्वाचे वाटतात ते मधले दिवस. शेत कापलेलं, फुटवा अजून नाही, गाव हसतंय, बायको रडतेय, आणि हा तिची समजूत काढत स्वस्थ बसला आहे. विळा चालवण्यापेक्षा हे बसणं कठीण.

बँकेत माझी पुष्कळ वर्षं क्लिअरिंगच्या टेबलावर गेली. काही खातेदार चेक भरून, पावतीवर शिक्का घेऊन जात ते पैसे जमा झाल्यावरच येत. काही जण दर तासाला खिडकीशी. ‘साहेब, झाला का?’ त्यांच्या येण्याने चेक लवकर वटत नसे, फक्त त्यांची हजेरी बुडे. प्रार्थनेनंतर आपण बहुतेक या दुसऱ्या रांगेत असतो.

काही वर्षांपूर्वी सौ.ची एक तपासणी झाली आणि रिपोर्टला आठ-नऊ दिवस लागणार होते. तिने पारायण केलं, समाप्तीला ब्राह्मण-सवाष्ण जेवू घातलं. त्या रात्री मी जागाच होतो. ती म्हणाली, “अहो, पोथी बासनात बांधलीत ना? मग काळजी कशाला उघडी ठेवलीय?” आणि कूस वळवून झोपली. रिपोर्ट आला तो चांगला नव्हता. ऑपरेशन झालं, औषधांचे महिने गेले. विश्रांती म्हणजे मनासारखं होण्याची हमी नव्हे, हे मुद्दाम लिहितो, कारण पारायणानंतर फळ मोजत बसणारे आपल्यात कमी नाहीत. पण त्या आठ-नऊ दिवसांत ती जेवली, झोपली, नातवाला शाळेत सोडून आली. ऑपरेशनला गेली ती थकून गेलेली नव्हती.

कोणी म्हणेल, बोईसरला शनिवार कुठला नि रविवार कुठला. एमआयडीसीतले बॉयलर थांबत नाहीत, पाळ्या फिरत राहतात. खरं आहे. म्हणून वार शोधू नये. शेजारतीनंतर देवाला निजवतो आणि आपण बाहेर येऊन चपला घालता घालता मोबाइल काढतो. तिथे दहा मिनिटं काढता येतात. सौ. दर गुरुवारी आरतीनंतर देवळाच्या ओट्यावर गप्प बसते. जप नाही, मागणं नाही. हल्ली तिच्या शेजारी रात्रपाळीला जाणारी दोन-तीन मुलंही टेकतात, बसची वेळ होईपर्यंत.