घरची चिकटवही

पुष्कळ घरांतील माळ्यावर किंवा जुन्या पेटीत काही कागद वर्षानुवर्षे पडून असतात. एखादी पिवळी पडलेली लग्नपत्रिका, पणजोबांचे शाळेतील प्रगतिपुस्तक, मुंबईहून गावी आलेल्या मनीऑर्डरीचे कुपन, पुठ्ठ्यावर डकवलेले एखादे छायाचित्र, असा तो संग्रह असतो. छायाचित्रात पाचसहा माणसे ताठ उभी असतात. ती कोण, असे मुलांनी विचारले म्हणजे आजी दोघांची नावे सांगते. तिसऱ्याविषयी तिला शंका असते आणि उरलेल्यांना ओळखणारे कोणीच हयात नसते. चित्र शाबूत असते, परंतु त्यातील माणसे घराला परकी होऊन बसतात. चित्राच्या मागे त्यांची नावे व साल कोणी वेळीच लिहून ठेवले असते, तर असे झाले नसते.

असे कागद, अशी चित्रे आणि त्यांच्याशी निगडित असलेल्या आठवणी एकत्र जपण्याचे सोपे साधन म्हणजे घरची चिकटवही. पाने, तिकिटे किंवा वर्तमानपत्रांतील चित्रे जमवून शाळेतील मुले चिकटवही करतात, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. घरच्या चिकटवहीचा विषय मात्र घरचीच माणसे हा असतो. ती कोठून आली, त्यांनी कोणता उद्योग केला, कोणती संकटे सोसली, हे त्या वहीत नोंदवावयाचे असते.

कागद जपून ठेवण्याची चाल महाराष्ट्रात जुनीच आहे. बोरूने मोडी लिपीत लिहिलेली पत्रे, सनदा व हिशेब पूर्वी कापडात बांधून ठेवीत. त्या गाठोड्यास रुमाल म्हणत आणि अशा रुमालांच्या संग्रहास दप्तर म्हणत. नाशिक, त्र्यंबकेश्वर यांसारख्या क्षेत्रांतील तीर्थोपाध्याय आपल्या यजमानांच्या नावांच्या वह्या ठेवीत आले आहेत. त्यांना नामावळी म्हणतात. यात्रेस आलेला मनुष्य आपले नाव, गाव व मुलाबाळांची नावे तीत नोंदवून जातो. पुढे कधी त्याचा नातू तेथे गेला, तर आजोबा येथे येऊन गेल्याची नोंद त्यास वाचावयास मिळते.

परंतु इतक्या काळजीने बांधलेली दप्तरेही सर्वच टिकली नाहीत. काही वाळवीने खाल्ली, काही पावसात भिजली, तर काही निरुपयोगी समजून रद्दीत घातली गेली. ही हानी थांबविण्यासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्यांत इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे (१८६३–१९२६) यांचे नाव अग्रभागी आहे. राजवाडे गावोगाव हिंडत, दप्तरांच्या मालकांची मनधरणी करीत आणि जुन्या पत्रांच्या नकला करून घेत. वाई येथे त्यांच्या हाती आलेल्या कागदांत पानिपतच्या युद्धाच्या काळातील पत्रे निघाली. १७५० ते १७६१ या काळातील अशी पत्रे त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या ग्रंथमालेच्या पहिल्या खंडात १८९८ साली प्रसिद्ध केली. या मालेचे पुढे एकूण २२ खंड झाले. १९१० साली राजवाडे यांनी खंडेराव मेहेंदळे यांच्या साहाय्याने पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. ज्या कागदांच्या आधारे हे कार्य झाले, त्यांतील कितीतरी कागद कोणाच्या ना कोणाच्या घरात पडून होते. ते रद्दीत गेले असते, तर त्या घराबरोबर साऱ्या महाराष्ट्राची हानी झाली असती.

तथापि घरातील सर्वच गोष्टी दप्तरात सापडतात असे नाही. जुन्या वंशावळींत बहुधा पुरुषांचीच नावे असतात. आई, लेक व सून यांचा उल्लेख त्यांत क्वचितच आढळतो. रमाबाई रानडे यांनी १९१० साली ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. वयाच्या अकराव्या वर्षी विवाह होऊन त्या न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या घरी आल्या. पतीजवळ त्या लिहावयास व वाचावयास कशा शिकल्या आणि त्यापायी घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष त्यांना कसा सोसावा लागला, हे त्यांनी स्वतः सांगितले आहे. त्यांनी ते लिहिले नसते, तर कोणत्याही सरकारी दप्तरात ते सापडले नसते.

ज्यांच्या घरी वाडा नव्हता, दप्तर नव्हते आणि लिहितावाचताही येत नव्हते, त्यांच्या घरीदेखील आठवणी होत्याच. पहाटे जात्यावर दळण दळताना स्त्रिया ओव्या गात. माहेर, भाऊ, लेकरे, शेतातील कष्ट व विठोबाची ओढ या साऱ्या गोष्टी त्या ओव्यांत येत. पुढे गावात पिठाची गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले आणि ओव्या ऐकू येईनाशा झाल्या. हेमा राईरकर, गी पॉइटवाँ आणि त्यांचे सहकारी यांनी खेडोपाडी फिरून अशा १ लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. तेव्हा घरात आजीला एखादी ओवी येत असेल, तर ती तिच्याच बोलीत व तिच्या नावासह चिकटवहीत उतरून घ्यावी. कागद नसलेल्या घराचा तोही एक अमोल दस्तऐवज होय.

चिकटवहीचे काम विचारपूस करण्यापासून सुरू होते. घरात जे सर्वांत वृद्ध असतील, त्यांच्याजवळ प्रथम बसावे. ‘आठवणी सांगा’ असे एकदम म्हटले, तर त्यांना काही सुचत नाही. परंतु एखादे चित्र, पितळी डबा किंवा जुने पत्र पुढे ठेवले, म्हणजे एका गोष्टीतून दुसरी निघत जाते. प्रत्येक चित्राविषयी पाच गोष्टी विचाराव्यात : यात कोण आहे, हे कोठले, केव्हाचे, कोणत्या प्रसंगीचे आणि ही माहिती कोणी सांगितली. साल आठवत नसेल, तर मोठ्या घटनांचा आधार घ्यावा. ‘पानशेतचे धरण फुटले त्या वर्षी’ म्हणजे १९६१, ‘कोयनेचा भूकंप झाला तेव्हा’ म्हणजे १९६७, आणि ‘मोठा दुष्काळ पडला तेव्हा’ म्हणजे बहुधा १९७२, असा अदमास बांधता येतो.

मिळालेली माहिती थोडक्यात पण पूर्ण लिहावी. उदाहरणार्थ, ‘सायकलीजवळ उभे असलेले आबा. सातारा, बहुधा १९६८. नोकरी लागल्यावर पहिली सायकल घेतली तेव्हाचे चित्र. सांगणार : मोठी आत्या, दिवाळी २०२४.’ प्रत्यक्ष नोंदीत आबांचे व आत्याचे पूर्ण नावही असावे. पन्नास वर्षांनंतर वही वाचणाऱ्यास हे आबा कोण, हे कसे कळणार? आजोबा एक हकीकत सांगतात आणि त्यांची बहीण निराळीच सांगते, असेही घडते. अशा वेळी दोन्ही हकीकती सांगणाऱ्यांच्या नावांसह लिहाव्यात. जेथे खात्री नाही, तेथे ‘बहुधा’ असे लिहिण्यास संकोचू नये. काही आठवणी मृत्यूच्या, कर्जाच्या किंवा दुराव्याच्या असतात. त्या सांगण्याची कोणाची इच्छा नसेल, तर आग्रह धरू नये आणि विश्वासाने सांगितलेली गोष्ट परवानगीवाचून वहीत लिहू नये.

चिकटविण्याच्या कामातही काळजी घ्यावी लागते. पूर्वीचा जुन्नरी व दौलताबादी कागद हातांनी बनवीत. त्यावरील पत्रे शेकडो वर्षांनंतरही वाचता येतात. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो. त्यात लिग्निन नावाचे द्रव्य राहिलेले असते. प्रकाश व हवा यांच्या योगाने तो पिवळा पडतो आणि त्यातील आम्लामुळे ठिसूळ होतो. म्हणून कात्रणाची चांगल्या कागदावर झेरॉक्स काढून ती वहीत लावावी. मूळ छायाचित्रास डिंक लावू नये. कागदाचे चार लहान त्रिकोणी कोपरे करून ते वहीत चिकटवावेत व त्यांत चित्र अडकवावे. पारदर्शक चिकटपट्टी काही वर्षांनी पिवळी पडून डाग सोडते, म्हणून तीही वापरू नये. नावे चित्राच्या मागे, कडेजवळ, मऊ शिसपेन्सिलीने हलक्या हाताने लिहावीत. बॉलपेन दाबून लिहिल्यास त्याचे वळ चित्राच्या दर्शनी बाजूस उमटतात. वही ओलसर भिंतीपासून व उन्हापासून दूर ठेवावी आणि पावसाळा संपताच कसर किंवा वाळवी लागली नाही ना, हे उघडून पाहावे.

आता मोबाईलवर एकाच लग्नात शेकडो छायाचित्रे घेतली जातात. चित्रांची उणीव उरलेली नाही, पण नावांची उणीव पूर्वीसारखीच आहे. शिवाय यंत्र बिघडले किंवा हरवले, तर वर्षावर्षांची चित्रे एका दिवसात नाहीशी होऊ शकतात. म्हणून प्रत्येक वर्षातील दहा चित्रे निवडून कागदावर छापून घ्यावीत आणि माणसे समोर आहेत तोवरच त्यांची नावे लिहावीत. वृद्ध माणसांना विचारण्याचे काम पुढच्या सुटीवर ढकलू नये. कागद वर्षभर थांबू शकतो, पण सांगणारे माणूस थांबेलच असे नाही.

वहीच्या पहिल्या पानावर ती कोणी व कोणत्या दिवशी सुरू केली, हे लिहावे. शेवटची काही पाने कोरी ठेवावीत. आज नातवाने आजोबांविषयी लिहिले आहे, तसेच पुढे कोणीतरी त्या नातवाविषयी लिहील. त्यासाठी ती पाने असावीत.

स्वाध्याय

१. जुने छायाचित्र शाबूत असूनही त्यातील माणसे परकी का होतात?
२. राजवाडे यांच्या कार्यात घरोघरच्या दप्तरांचा उपयोग कसा झाला?
३. दप्तरात न सापडणाऱ्या कोणत्या गोष्टी रमाबाईंच्या पुस्तकातून व जात्यावरच्या ओव्यांतून कळतात?
४. एकाच प्रसंगाच्या दोन निराळ्या हकीकती मिळाल्यास काय करावे? का?
५. घरातील एक जुने छायाचित्र निवडा. पाठात सांगितलेले पाच प्रश्न वडीलधाऱ्यांना विचारून त्याची नोंद तयार करा.