'मनाचे श्लोक' आणि रात्रपाळी

मन अस्वस्थ असता त्याची समजूत कशी घालावी, याचा मराठीतील सर्वपरिचित पाठ म्हणजे समर्थ रामदासांचे (१६०८–१६८१) २०५ 'मनाचे श्लोक'. शालेय पाठांतरामुळे ते वडीलधाऱ्यांनी मुलांना केलेला उपदेश भासतात. वस्तुतः येथे बोलणारा स्वतःच्याच मनाला हाक मारतो, आणि तीही 'सज्जन' म्हणून गौरवून. या संबोधनाने बोलणारा व त्याचे मन यांत क्षणभर अंतर पडते; क्रोध, मत्सर, चिंता यांकडे पाहावयास तेवढे पुरते. बारा अक्षरी भुजंगप्रयात संथपणे म्हटला असता श्वासही लयीत येतो. (वृत्ताची निवड केवळ पाठांतराच्या सोयीसाठी झाली असे मानणे कठीण आहे.)

या चिंतनास नेमलेली वेळ मात्र प्रभातीची. भिलाईत नेमकी हीच अडचण उद्भवते. तेथील पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. अशी भट्टी रात्री थंड करून ठेवता येत नाही, म्हणून काम अहोरात्र पाळ्यांनी चालते. रात्रपाळीहून परतणाऱ्या मराठी कामगाराची पहाट ही निजावयाची वेळ होय. त्याने 'प्रभात' म्हणजे जाग येण्याचा क्षण असा अर्थ घेतल्यास तो परंपरेस धरून नाही असे कोणी म्हणेल. तथापि रचनेचा भर घटकेपेक्षा नित्यतेवर अधिक आहे. खोलीत अंधार करून पुरेशी झोप घेणे आणि उठल्यावर मनाशी चार शब्द बोलणे, एवढा नेम त्यास पाळता येतो. दीर्घकाळ टिकणारा निद्रानाश वा औदासीन्य यांची गोष्ट निराळी. तेथे वैद्यकीय उपचारच हवेत, आणि त्यांचा पर्याय या श्लोकांत शोधणे हा रचनेवरही अन्याय ठरेल.