पानांवरचे ठिपके

मुलांनो, सोनाळा गाव सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. पावसाळ्यात येथे कुंडीतल्या गुलाबाची पाने नीट पाहा. त्यांवर काळे, गोल ठिपके दिसतात का? हा बुरशीचा रोग आहे. पान सुमारे 7 तास ओले राहिले, की बुरशी पानात शिरते. मग पान पिवळे पडून गळते. पान म्हणजे झाडाचे स्वयंपाकघर. पाने गेली, तर झाड उपाशी राहते.

म्हणून ठिपक्यांची पाने लगेच तोडा. गळलेली पानेही वेचा, कारण बुरशी त्यांत टिकून राहते. पाणी सकाळी मुळाशी घाला. पानांवर शिंपडू नका. कुंड्या उजेडात, अंतराने ठेवा. रोग वाढला, तर मोठ्यांकडून मोरचूद व चुन्याचे बोर्डो मिश्रण फवारून घ्या. ठिपका पुन्हा हिरवा होत नाही. पण नवे पान वाचवणे आपल्या हाती आहे.