डायलिसिस सुरू झाले, जुने पथ्य मात्र सुटले नाही

माहुलच्या वसाहतीत डायलिसिसवरच्या माणसाची पहिली तक्रार बहुधा जिन्याची असते. लिफ्ट बंद आणि पाय उचलत नाहीत. घरचे म्हणतात, ‘वजन तर तेवढंच आहे.’ इथेच आपण फसतो. मूत्रपिंड निकामी झाले की अंगात पाणी साठते. दंड-मांड्या झिजतात, पण काट्यावर ते दिसत नाही. त्यापेक्षा हाताची घडी घालून खुर्चीवरून पाच वेळा उठून बसावे. 15 सेकंदांहून जास्त वेळ लागला तर स्नायूंची ताकद घटली आहे असे समजून डॉक्टरांना सांगावे.

या आजारात रक्तातील आम्ल वाढते, भूक मरते. शिवाय हिमोडायलिसिसच्या प्रत्येक वेळी प्रथिनांचे घटक थोडे थोडे वाहून जातात.

आम्हाला सर्वांत जास्त दिसणारी चूक अशी. डायलिसिसच्या आधी डॉक्टर प्रथिने कमी करायला सांगतात. मधुमेह नसेल तर वजनाच्या दर किलोमागे साधारण 0.6 ग्रॅम. डायलिसिस सुरू झाल्यावर हीच गरज 1 ते 1.2 ग्रॅम होते. म्हणजे 50 किलोच्या बाईला आधी 30 ग्रॅम, नंतर 50 ते 60. पण घरात ‘अंडं-मासळी बंद’ हे पहिले फर्मान वर्षानुवर्षे चालूच राहते आणि माणूस भात-चहावर वाळत जातो.

अंड्याचा पांढरा बलक स्वस्त आणि सोयीचा. एकात साडेतीन ग्रॅमच्या आसपास प्रथिने आणि फॉस्फरस अगदी कमी. ताजी मासळी चालते. सुकट, खारे बोंबील मात्र मिठामुळे तहान वाढवतात, आणि तहानेमागून पाणी. (आपल्या जिभेला हे जड जाणार, ठाऊक आहे!) पोटॅशियम वाढलेले असेल तर भाजी चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकावे. ‘कमी सोडियमचे’ मीठ वापरू नये. त्यात बहुधा पोटॅशियमच असते. पोटभर भाकरी-भातही हवा, नाहीतर खाल्लेली प्रथिने इंधन म्हणून जळून जातात.

वर्षावासात अष्टशील पाळणाऱ्या उपासिका दुपारनंतर जेवत नाहीत. डायलिसिसवरच्यांनी, विशेषतः इन्सुलिन घेणाऱ्यांनी, हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. देह सुकवणारी तपश्चर्या तथागतांनी स्वतः सोडली आणि सुजाताची खीर घेतली, हे आपण जाणतोच.

पुढच्या डायलिसिसला जाताना आहारतज्ज्ञांना एवढेच विचारा: ‘आता माझी प्रथिने किती ग्रॅम?’ आकडा कागदावर लिहून घ्या आणि स्वयंपाकघरात चिकटवा.